ज्याचा आकडा मोठा

पोरीचा हात कुणी मोडला, यावरून पहिली मारहाण झाली.

पोरगी वीस दिवसांची. डावा हात हलवायची नाही. उचलून घेतली की तो हात नुसता लोंबायचा, आणि लंगोट बदलताना चुकून त्याला धक्का लागला, की अशी किंचाळायची की शेजारच्या झोपड्यांतल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. त्याआधी आठवडाभर नाक गळत होतं. तळहात आणि तळपाय सोलवटून निघाले होते. सुनेला वाटलं, खाणीची धूळ बाधली. सगळ्यांनाच बाधते.

दुपारी सुरुंग्या खाणीतून आला. खाणीत सुरुंग लावायचं काम त्याचं, म्हणून हे नाव. त्याचं खरं नाव त्याच्या आईलासुद्धा आठवून सांगावं लागे. भुवयांवर दगडाची भुकटी, कपाळाला घाम, पोटात भूक. त्यानं पोरीला घ्यायला हात पुढे केले आणि ती कळवळून ओरडली.

"कुणी पाडली हिला?"

"कुणी नाही पाडली," सून म्हणाली.

"मग हात काय आपोआप मोडतो?"

म्हातारी पुढे झाली आणि तिनं सुनेच्या मांडीवरची पोरगी उचलून घेतली. मुलाचा हात वर गेलेला तिनं पाहिला होता. सुनेला वाचवायला ती उठली नव्हती बरं का, पोरीला लागू नये एवढ्यासाठीच उठली. पोरगी उचलल्याबरोबर सुरुंग्याला मैदान मोकळं झालं. पहिल्या थोबाडीत सुनेच्या कानात आवाज घुमला, दुसऱ्या वेळी ती भिंतीवर आदळली. मग त्यानं लाथा घातल्या, त्या मोजायला कुणी नव्हतं. बाळंतीण बाई, अंगावर अजून जात होतं. ती पोटाशी गुडघे घेऊन पडून राहिली.

म्हातारी दारात पोरीला जोजवत उभी होती. तिनं स्वतः नवऱ्याचा मार बावीस वर्षं खाल्ला होता, आणि तो दरड कोसळून मेला तेव्हाच मार थांबला. तिच्या लेखी मार म्हणजे ऊन. ऊन पडलं की माणूस सावलीला सरकतो, उन्हाशी भांडायला कुणी जात नाही.

"पुरे आता," ती शेवटी म्हणाली. "जेवून घे. भोंगा होईल."

तो जेवला. वाढलं सुनेनंच.

दुसऱ्या दिवशी सासू-सून पोरीला घेऊन दवाखान्यात गेल्या. दोन तासांची वाट, सगळी पांढरी, ट्रकांच्या चाकांनी पीठ केलेली. सुनेचा एक डोळा मिटला होता. नर्सबाईनं त्या डोळ्याकडे पाहिलं, पोरीच्या हाताकडे पाहिलं, आणि तिच्या मनात जे आलं ते तिच्या तोंडावर उमटलं. पण डॉक्टर बाई मुरलेली होती. तिनं पोरीचे तळपाय उजेडात धरले, पोट दाबून पाहिलं, नाकातलं रक्ताळ पाणी कापसानं टिपलं आणि हाताचा फोटो काढवला.

"हात मोडलेला नाही," डॉक्टर म्हणाली. "हाडाला आजार झालाय. पोटात असतानाच झालेला. रक्त तपासू, मग सांगते. आईचंही घ्या, पोरीचंही."

"बाळंतपणात नाळेतलं रक्त घेतलं होतं की," नर्सबाई म्हणाली.

"नाळेतलं नको. त्यात आईचं मिसळतं. पोरीच्या शिरेतलं हवं."

वीस दिवसांच्या पोरीची शीर ती केवढी. तीनदा सुई टोचली तेव्हा कुठे बोटभर नळी भरली. सुनेनं पोरीचे पाय धरले होते, म्हातारीनं डोकं. ओरडून ओरडून पोरगी निळी पडली. मनातल्या मनात म्हातारी डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

रक्त तपासायची खोली मागच्या बाजूला होती. तिथली बाई एकटी काम करायची. तिला सगळे तपासणीबाई म्हणत. म्हातारीला बाहेर थांब म्हटलं तर ती आत येऊन भिंतीशी उकिडवी बसली. नातीचं रक्त एवढ्या हालांनी काढलेलं. ते कुठं जातं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती हलणार नव्हती.

तपासणीबाईनं पांढऱ्या पत्र्यावर थेंब टाकला, वर काळ्या औषधाचा एक थेंब. तो पत्रा एका हलत्या यंत्रावर ठेवला. यंत्र गोल गोल डुलत राहिलं. सुनेच्या रक्ताचा थेंब होता तसाच राहिला, गुळगुळीत, राखाडी.

"काही नाही ना?" म्हातारी म्हणाली.

तपासणीबाईनं तेच रक्त पाण्यात अर्धं केलं. त्याचं पुन्हा अर्धं. त्याचं पुन्हा. असे थेंब ओळीनं टाकले, पुन्हा यंत्र डुललं. आणि म्हातारीनं वाकून पाहिलं तर रक्त जसं पातळ होत गेलं, तशी थेंबांत काळी कच उतरायला लागली. बारीक, चाळणीखाली पडते तशी. पातळ करता करता चौसष्टाव्या हिश्शापर्यंत कच दिसत होती. पुढे नाही.

तपासणीबाई स्टुलावर बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"आजी, बाळंतपणाच्या वेळी हिचं रक्त मीच पाहिलं होतं. पातळ न करता. थेंब गुळगुळीत दिसला म्हणून कागदावर 'निल' लिहिलं. आजार फार जोरात असला की घट्ट रक्तात तो दिसतच नाही. हे मला ठाऊक असून मी त्या दिवशी घाई केली. चूक माझी आहे."

म्हातारीला त्यातलं निम्मं कळलं. तिनं विचारलं, "आणि पोरीचं?"

पोरीचं रक्त दोनशे छप्पन हिश्शांपर्यंत पातळ केलं तरी कच दिसत होती. आईकडून नुसतं आलेलं असतं तर आईएवढं असतं किंवा कमी असतं, तपासणीबाई म्हणाली. आईच्या चौपट म्हणजे ते पोरीचं स्वतःचं. आजार तिच्या अंगात आहे.

आजार कुठला, तो अंगसंगातून कसा येतो, हे डॉक्टरनं दोघींना दार लावून सांगितलं. सून जमिनीकडे बघत राहिली. तिनं एकच विचारलं, "जगेल का?"

"जगेल. दहा दिवस रोज एक सुई. खाडा करायचा नाही. खाडा झाला तर पुन्हा एकपासून मोजायचं. वॉर्डाचं छप्पर उतरवलंय, नाहीतर इथंच ठेवून घेतलं असतं. रोज यावं लागेल. आणि पोरीच्या बापाला घेऊन या. त्याचंही रक्त पाहायचंय, त्यालाही सुई घ्यावी लागेल."

पोरीला पहिली सुई मांडीत मिळाली. सुनेला दोन मिळाल्या, दोन्ही कुल्ल्यांत, आणि परतीची वाट ती लंगडत चालली.

सुरुंग्याला दवाखान्यात न्यायला म्हातारीला दोन दिवस लागले. तिनं आजाराचं नाव घेतलं नाही. पोरीला बापाच्या रक्ताची गरज आहे, एवढंच सांगितलं. खोटंच; पण खरं सांगून कुणाचं भलं झालंय? तिसऱ्या सुईच्या दिवशी तो आला, रक्त दिलं आणि डॉक्टरनं त्याला दार लावून सगळं सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कागद होता आणि कान लाल झाले होते. सुई न घेताच तो तरातरा निघून गेला.

कागदावर लिहिलं होतं आठ.

आता सुरुंग्याला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. खाणीत आकड्यांवाचून चालतच नाही. खडकात ओळीनं भोकं पाडतात, प्रत्येक भोकात दारूची मापं भरतात, आणि किती मापं भरली तो आकडा भरणाऱ्यानं भोकाशेजारी खडूनं लिहायचा. त्याची एक नक्कल मुकादमाच्या वहीत. सुरुंग उडाला आणि धोंडा भलतीकडे जाऊन कुणाचं डोकं फुटलं, तर मुकादम वही उघडतो. ज्याचा आकडा मोठा, त्याची चूक. वाद नाही, साक्षीपुरावा नाही. मोठ्या आकड्यावाल्यानं मान खाली घालायची, बाकीच्यांनी त्याला काय द्यायचं ते द्यायचं. सुरुंग्याच्या बापाच्या वेळेपासून खाणीचा हाच कायदा होता.

घरी येऊन त्यानं फळीवरचे कागद खाली ओढले. सुनेचे दोन कागद होते. बाळंतपणाच्या कागदावर निल. निल म्हणजे काय ते तो बाहेर जाऊन विचारून आला. दुसऱ्यावर चौसष्ट.

सुनेच्या तोंडासमोर त्यानं तिन्ही कागद धरले.

"माझा आठ. तुझा चौसष्ट."

"डॉक्टर म्हणाली, जुना झाला की आकडा उतरतो. तुमचा जुना..."

"बाळंत झालीस तेव्हा काही नव्हतं. वीस दिवसांत चौसष्ट. वीस दिवस मी खाणीत राबत होतो. तू कुठं होतीस?"

कुठं असणार होती? बाळंतिणीच्या खाटेवर होती. पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. दोन वर्षांपूर्वी तो दुसऱ्या खाणीवर सहा महिने कामाला गेला होता आणि तिथून येताना काय घेऊन आला, हे त्याच्या अंगाला ठाऊक होतं. जांघेतला फोड त्यानं महिनाभर लपवला होता. तो आपोआप बरा झाला. बरा झाला म्हणजे गेला, असं त्यानं धरलं होतं.

त्या दिवशी त्यानं सुरुंगाच्या वातीचं वेटोळं घेतलं. वात जाड, डांबर लावलेली, अंगावर बसली की कातडीला चिकटून निघते. म्हातारी दाराबाहेर खडी फोडत बसली होती. खाणीतून मोठे दगड यायचे, ती हातोड्यानं अंड्याएवढी खडी करायची. चाळीस वर्षं तेच. तिनं झोपडीकडे पाठ केली. आतून वातीचा आवाज येई तेव्हा ती हातोडा मारी, म्हणजे तो आवाज यात बुडावा. काही वेळा चुकामूक व्हायची. पोरगी तिच्या मांडीजवळ फडक्यात निजली होती आणि तिला नाकानं श्वास घेता येत होता, तीन सुयांत एवढा फरक पडला होता. म्हातारी त्याच गोष्टीवर मन लावून बसली.

चौथ्या दिवशी सुनेच्या पाठीला कापड चिकटलं होतं. चालता चालता ती म्हणाली, "आत्या, तुम्ही बाहेरच होतात."

"होते."

"हाक मारली मी."

हाक म्हातारीनं ऐकली होती.

दवाखान्यात नर्सबाईनं सुनेच्या पाठीला मलम लावलं आणि ही गोष्ट तपासणीबाईच्या कानावर गेली. कागदावरच्या त्या 'निल'मुळे एका बाईची पाठ सोलली गेली, हे कळल्यावर तिला अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी ती आपल्या दुचाकीवरून थेट खाणीत आली. दुपारची सुट्टी होती, पंचवीस-तीस माणसं सावलीला बसली होती. ती सुरुंग्यासमोर उभी राहिली.

"तुमच्या बायकोचा पहिला कागद चुकीचा आहे. चूक माझी. तिला आजार तेव्हाही होता, मला दिसला नाही. आकडा मोठा असला म्हणजे आजार तिनं आणला असं होत नाही. कुणाकडून कुणाला गेला हे आकडा सांगतच नाही."

बाई बिचारी सरळ मनाची. चार माणसांत बोलली तर खरं पटकन पटेल, असं तिला वाटलं. झालं भलतंच. सुरुंग्याच्या घरातला आजार अख्ख्या खाणीला आता कळला.

"किती आकडा आहे रे तुझा?" मागून कुणीतरी विचारलं.

"आठ," ज्याला त्यानं कागद दाखवून निल विचारलं होतं, तो म्हणाला. "आठ्या."

हशा पिकला. सुरुंग्यानं हाताशी आला तो धोंडा उचलून फेकला. तो तपासणीबाईच्या कपाळाला चाटून गेला. ती खाली बसली, बोटांतून रक्त गळायला लागलं, तरी हसणं पूर्ण थांबलं नाही. मुकादम पाणी प्यायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. तपासणीबाईनं रुमाल बांधला, दुचाकी हातानं ढकलत उतारापर्यंत नेली.

त्या दिवसापासून सुरुंग्याचा आठ्या झाला. पहार मागितली तरी आठ्या, पाणी मागितलं तरी आठ्या. माणूस खाणीत बारा वर्षं जिवावर उदार होऊन नाव कमावतो आणि ते असं एका दुपारी जातं. ज्यांनी चिडवलं त्यांच्यातल्या एकाचेही दात त्यानं पाडले नाहीत. ते पंचवीस होते. घरी मात्र एकच होती.

"उद्यापासून दवाखाना बंद," त्यानं फर्मावलं. "रोज दोघी वाटेनं जाता, लोक बोटं दाखवतात. पोरगी बरी झालीय. हात हलवतेय ना? मग झालं."

पोरगी हात हलवत होती हे खरं. म्हातारीच्या बोटाला धरत होती, दूध ओढत होती. पण दहातल्या पाचच सुया झाल्या होत्या. सहाव्या दिवशी दोघी तो कामावर गेल्यावर मागच्या ओढ्यातून गेल्या आणि तो यायच्या आत परतल्या. कुणीतरी पाहिलं. पाहणारं कुणीतरी असतंच.

सातव्या दिवशी तो भोंग्याच्या आधीच घरी आला. सुनेनं पोरीला छातीशी बांधलं होतं, पायांत वहाणा होत्या. वहाणाच बोलल्या. त्यानं तिला केसांना धरून दाराबाहेर ओढली. तिनं आधी पोरीची गाठ सोडून तिला म्हातारीकडे दिली आणि मग मार घ्यायला वळली. इतकं तिला सरावाचं झालं होतं.

त्यानं मूठ मारली. तिचा ओठ फाटला, दात बाहेर आला, तिनं तो हातात धरला. तो म्हणाला, चौसष्ट. पोटात लाथ मारली आणि म्हणाला, चौसष्ट. ती खडीच्या ढिगावर पडली, उठायला गेली की खडी पायांखालून सरकायची आणि ती पुन्हा पडायची. त्यानं तिचं डोकं धरून खडीत दाबलं. खडी ताजी होती, सकाळीच म्हातारीनं फोडलेली, कडा धारेच्या. सुनेनं म्हातारीला हाक मारली नाही. मागे एकदा मारून झाली होती.

ती न मारलेली हाक म्हातारीला जास्त लागली.

"थांब," ती म्हणाली.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये पडत नाही. एक विचारते. खाणीत चूक कुणाची धरतात?"

तो धापा टाकत होता. "ज्याचा आकडा मोठा त्याची."

"तुझा आठ. हिचा चौसष्ट. म्हणून हिला मारतोस."

"मग?"

म्हातारीनं फडकं उलगडलं आणि पोरगी त्याच्या पुढ्यात सपाट दगडावर निजवली. पोरीनं उन्हानं डोळे मिटले.

"हिचा दोनशे छप्पन. तुमच्या दोघांपेक्षा मोठा. आजार हिनंच आणला असणार घरात. तुझा कायदा आहे ना? हिला मार."

म्हातारीला वाटलं होतं, आता याचा हात खाली येईल. पोटचा गोळा आहे, डोळ्यांसमोर ठेवला की लाजेल. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सुरुंग्याला पहिल्यांदाच कुणी घरात निरुत्तर केलं होतं, आणि तेही बायकोच्या समोर.

"मारू?" तो म्हणाला. "तुला वाटतं मी भितो?"

त्यानं पाय उचलला. खाणीतला जाड बूट, टाचेला लोखंडी पट्टी. तो पोरीच्या पोटावर धरला. खाली आणणार होता की नुसता धरणार होता, देव जाणे, त्याला स्वतःला तरी ठाऊक होतं का कोण जाणे.

म्हातारीनं वाट पाहिली नाही. दगड कुठं मारला की कुठून फुटतो, हे तिच्या हाताला डोळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्याचा दुसरा पाय जमिनीवर होता. तिनं हातोडा घोट्याच्या वर घातला, एकदाच, पूर्ण खांद्यातून. हाड फुटल्याचा आवाज ओल्या लाकडासारखा आला. तो मागे कोसळला आणि असा ओरडला की खाणीतले घण थांबले.

तो तिचा एकुलता एक मुलगा होता. तिथंच वाकून ती ओकली. मग तोंड पुसून तिनं पोरीला उचललं.

"चल," ती सुनेला म्हणाली. "बारा वाजून गेले. सुई चुकेल."

दोघी सरळ मोठ्या वाटेनं गेल्या. सातवी सुई झाली. नर्सबाई सुनेच्या गालातली खडी चिमट्यानं काढत होती तेवढ्यात मुकादम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सुरुंग्याला घालून घेऊन आला. पाय भलत्याच दिशेला वळला होता. डॉक्टरनं पाय बांधला आणि त्याची राहिलेली सुईही देऊन टाकली. आता तरातरा निघून जायला त्याला पाय नव्हता.

"कसं झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"दगड पडला," मुकादम लगेच म्हणाला. "खाण आहे, चालायचंच."

सुरुंग्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. डॉक्टरनं म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं तोंड बंद ठेवलं असतं तर प्रकरण तिथंच मिटत होतं. पण दगड पडलेला माणूस उद्या घरी येतो. खाटेवर पडून राहतो, बायकोला हाका मारतो, आणि आठव्या सुईला कोण जातं तेही बघतो. एवढा विचार करायला तिला फार वेळ लागला नाही.

"दगड नाही," ती म्हणाली. "मी मारलं. हातोड्यानं. का मारलं तेही सांगते, लिहून घ्या."

मुकादमानं कपाळाला हात लावला. हवालदार आला, म्हातारीनं सांगितलं, त्यानं लिहिलं, तिनं अंगठा दिला. तिला चौकीत नेलं. पोरगी आणि सून तीन दिवस तपासणीबाईच्या घरी राहिल्या. चौकीची खोली दवाखान्याच्या रस्त्यावरच होती. म्हातारी खिडकीशी उभी राहून रोज सुनेला जाताना आणि येताना बघायची. आठवी झाली. नववी झाली. दोन्ही दिवस सुनेनं खिडकीकडे मान वळवली नाही, आणि त्याचा राग धरायचा म्हातारीला हक्क नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी सून चौकीच्या दारात आली. खांद्यावर पोरगी होती. गालावर खपल्या, पुढच्या दाताच्या जागी भोक.

"दहावी झाली," ती म्हणाली.

म्हातारी भिंतीला टेकली.

हवालदार दवाखान्यातून जबाब घेऊन परतला होता. टोपी काढून त्यानं घाम पुसला. "म्हातारे, सुटलीस तू. तुझा मुलगा म्हणतो, पायावर दगड पडला. आई काहीतरी बरळतेय म्हणतो."

"आणि हिला मारलं त्याचं काय म्हणाला?"

"ते विचारलं की. म्हणाला, हो, मारली, बायको आहे माझी. पोरीवर पाय उचलला का, तर म्हणाला, उचलला, पण ठेवला कुठं?"

आईनं पाय मोडला हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटली. बाकी कशाचीच नाही.

हवालदारानं म्हातारीच्या जबाबाचा कागद दोन्ही हातांत धरला. "हा फाडून टाकतो. घरी जा. आपलेच दात, आपलेच ओठ."

म्हातारीनं टेबलावर हात आडवा ठेवला. "फाडू नका, साहेब."

"अगं, आत जाशील."

"जाईन. दगड पडला असं लिहिलंत, की बाकीचं काहीच घडलं नाही असं होतं. मी मारलंय. राहू द्या लिहिलेलं."

हवालदार वैतागला. दोघींपैकी शहाणी कोण हे शोधावं तसा तो सुनेकडे वळला. "तू तरी समजाव तुझ्या सासूला."

सुनेनं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. पुढची खुर्ची पायानं ओढली आणि ती बसली.

"माझाही जबाब घ्या," ती म्हणाली. "सगळं सांगणार आहे. आत्यांनी काय केलं तेही, आणि काय केलं नाही तेही."

हवालदारानं म्हातारीकडे पाहिलं.

"सांग," म्हातारी म्हणाली.